जीवाणूंचा सहवास आणि शरीराची सहिष्णुता

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स ब्लॅकली नावाचे एक डॉक्टर व्यवसाय करीत असत. दरसाल उन्हाळा लागला, की नाकाला पाण्याची धार, डोळ्यांची आग, शिंकांचा सपाटा आणि एखाद्या रात्री छाती दाटून येणे हा क्रम त्यांच्या वाट्याला ठरलेला असे. आणि या व्याधीचे मूळ उन्हात आहे की धुळीत, हवेतील ओझोन वायूत आहे की कापलेल्या गवताच्या वासात, याविषयी त्या काळी जे नाना तर्क प्रचलित होते त्यांपैकी एकही ऐकीव म्हणून न स्वीकारता त्यांनी प्रत्येकाची कसोटी स्वतःच्या देहावर घेतली. हाताची कातडी किंचित खरवडून तीवर गवताचे परागकण चोळावेत आणि काही मिनिटांत तेथे उठणारी गांध पाहून तिची नोंद ठेवावी, चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या पतंगाला बांधून उंच आकाशात चढवाव्यात आणि खाली उतरवल्यावर त्यांवर अडकलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजावेत, अशा चिकाटीने त्यांनी परागकणच दोषी असल्याचे सिद्ध केले व १८७३ साली हा सारा तपशील ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मात्र त्या ग्रंथातील एका निरीक्षणाचा उलगडा त्यांना पुरता झाला नाही. ज्याचा सारा दिवस परागांच्या धुरळ्यात जातो त्या शेतकऱ्याला हा परागज्वर क्वचितच होतो, आणि शहरात राहणाऱ्या सुशिक्षित मंडळींना मात्र तो हटकून गाठतो, असे त्यांना दिसून आले होते. विषाचा संपर्क जेथे सर्वाधिक तेथे रोग सर्वांत कमी, हे कसे, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे सव्वाशे वर्षे जावी लागली, आणि त्या उत्तराचा मोठा भाग जीवाणूंच्या पदरी आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी शरीरात प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे अवश्य आहे. परागकण नाकाच्या ओलसर अस्तरावर पडला, की तेथे पसरलेल्या काही पेशी त्यातील प्रथिनाचे तुकडे उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींपुढे हजर करतात. हा ऐवज निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावा की शत्रू म्हणून त्याच्याविरुद्ध तजवीज करावी, याचा निवाडा तेथे होतो. आणि तो निवाडा केवळ त्या प्रथिनाच्या घडणीवरून होत नसून, त्याच्यासोबत त्या वेळी अस्तरावरून आणखी कोणते रासायनिक संदेश आले यावर बव्हंशी अवलंबून असतो. निवाडा विपरीत झाला तर दुसऱ्या प्रकारच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साहाय्यक टी-पेशी तयार होतात आणि त्यांच्या हुकमाने आयजीई नावाची प्रतिपिंडे निर्माण होऊ लागतात. डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली, स्वतःच्या कातडीवर चाचण्या घेत, या प्रतिपिंडाचा शोध लावला; स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिश हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले. इतर प्रतिपिंडांच्या मानाने रक्तात याचे प्रमाण अत्यल्प असते, पण नाक, श्वासनलिका, आतडे आणि कातडी यांच्या अस्तराखाली ठाण मांडून बसलेल्या मास्ट पेशींना ते घट्ट चिकटून राहते. रंग दिलेल्या ऊतीच्या कापात ही पेशी पाहावी, तर सोललेल्या डाळिंबाच्या फोडीप्रमाणे ती दाण्यांनी ठासून भरलेली दिसते, आणि त्या दाण्यांतच हिस्टामिन साठवलेले असते. तोच पराग पुन्हा आला व पेशीवरील दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी भिडला, की काही मिनिटांत ते दाणे बाहेर फेकले जातात. हे नाकात घडले तर शिंका, श्वासनलिकेत घडले तर दम लागणे, कातडीत घडले तर अंगावर पित्त उठणे, आणि सर्वांगात एकदम घडले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतणे, असे त्याचे परिणाम होतात.

तोच पराग आपण सारेच श्वासावाटे आत घेतो, आणि तरीही बहुसंख्यांना काही होत नाही. याचे कारण त्यांचे शरीर परागाची दखल घेत नाही असे नव्हे; दखल घेऊन ते त्याला सोडून देते. या सोडून देण्यासाठी नियामक टी-पेशी नावाची एक स्वतंत्र जात शरीरात आहे, हे जपानमधील शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले, आणि अमेरिकेतील मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. सहिष्णुता म्हणजे उदासीनता नव्हे, ते शिकून घ्यावे लागणारे कार्य आहे, ही गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. आणि ते शिकवणाऱ्यांत जीवाणूंचा वाटा किती, हेच येथे सांगावयाचे आहे.

या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष नव्याने वेधले ते १९८९ साली. ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांच्या आयुष्याचा मागोवा तेविसाव्या वर्षापर्यंत ठेवण्यात आला होता. ती कागदपत्रे चाळताना डेव्हिड स्ट्रॅकन यांना असे आढळले, की ज्याला थोरली भावंडे अधिक त्याला परागज्वर कमी. मोठ्या भावंडांकडून लहानपणीच मिळणारे संसर्ग धाकट्याचे रक्षण करीत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला, आणि स्वच्छतेचा सिद्धान्त या नावाने तो जगभर गाजला. गाजण्यात त्याचे थोडे नुकसानही झाले, कारण घाण चांगली आणि साबण वाईट असा त्याचा सोपा अर्थ लोकांनी लावला. प्रत्यक्षात गोवर-सर्दीसारख्या रोगांनी ॲलर्जीपासून रक्षण होते, याला पुढील संशोधनात आधार मिळाला नाही. उलट तान्हेपणी श्वासमार्गाला जडणारे काही विषाणू दम्याची वाट मोकळी करतात, असेच दिसून आले. रक्षण करणारे कोणी असेल तर ते रोगजंतू नव्हेत, तर माणसाच्या कातडीवर, आतड्यात आणि आसपासच्या मातीत हजारो पिढ्यांपासून वस्तीला असलेले निरुपद्रवी सूक्ष्मजीव होत, ही दुरुस्ती लंडनचे ग्रॅहम रूक यांनी २००३ साली सुचवली, आणि माझ्या मते तीच अधिक ग्राह्य आहे.

दरम्यान जर्मनीत एक अनपेक्षित दाखला हाती आला होता. दोन्ही जर्मनींची हद्द मोडल्यावर म्युनिकच्या एरिका फॉन म्युटियस यांनी आपल्या शहरातील मुलांची तुलना पूर्वेकडील लाइपझिग व हाले येथील मुलांशी केली. पूर्वेची हवा कोळशाच्या धुराने कोंदलेली, तेव्हा दमा तेथे अधिक सापडणार, अशी सर्वांची अटकळ होती. निष्पन्न झाले ते उलट. परागज्वर आणि ॲलर्जीची प्रवृत्ती पश्चिमेतच जास्त होती. त्यानंतर फॉन म्युटियस आणि त्यांचे सहकारी आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या खेड्यांकडे वळले. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथील ग्रामीण मुलांच्या पाहणीत, जी मुले वयाचे पहिले वर्ष पुरे होण्याआधीच गोठ्यात वावरली होती आणि शेतावरचे दूध प्याली होती, त्यांच्यापैकी अवघ्या १ टक्क्याला दमा होता. हाच सहवास ज्यांना पहिल्या वर्षानंतर, पाचव्या वर्षापर्यंत केव्हातरी लाभला त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते. परागज्वराचे आकडे अनुक्रमे ३ आणि १३. हा अहवाल २००१ सालचा. गोठा तोच, गाई त्याच, फरक पडला तो मुदतीचा. आणि या मुदतीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

या साऱ्या पाहण्यांत एक उणीव राहत होती. शेतकऱ्याचे कुटुंब आणि शहरी कुटुंब यांच्यात गोठ्याखेरीज आहार, वंश, मुलांची संख्या असे शंभर भेद असतात, मग श्रेय नेमके कशाला द्यावे? ही अडचण दूर करणारी एक विलक्षण जोडी अमेरिकेत सापडली. इंडियानातील आमिश आणि साउथ डकोटातील हटराइट हे दोन्ही धर्मपंथीय समाज मूळचे आल्प्सच्या परिसरातले, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेत येऊन स्थिरावलेले, रक्ताने एकमेकांच्या निकट. दोहोंत कुटुंबे मोठी, आहार सारखा, मुलांना आईचे दूध दीर्घकाळ, घरात धूम्रपान नाही, पाळीव प्राण्यांना घरात प्रवेश नाही. भेद आहे तो शेतीच्या पद्धतीत. आमिश कुटुंब स्वतंत्र घरात राहते, घोड्यांनी नांगरते, दुभती जनावरे बाळगते, आणि गोठा घरापासून हाकेच्या अंतरावर असल्याने मुले दिवसभर तेथे जा-ये करतात. हटराइट लोकांची शेती सामुदायिक आणि यांत्रिक, जनावरे वस्तीपासून दूर मोठ्या आवारांत, आणि लहान मुलांचा तेथे वावर नाही. आता आकडे पाहावेत: आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के, ॲलर्जीची प्रवृत्ती एकीकडे ७ टक्के, दुसरीकडे ३३ टक्के.

शिकागो आणि ॲरिझोना येथील संशोधकांनी दोन्ही समाजांतील ३०-३० मुले निवडली, त्यांचे रक्त तपासले आणि त्यांच्या घरांतील धूळ गोळा केली. गोठ्यातील नव्हे, घरातील. ही धूळ बोलकी ठरली. काही जीवाणूंच्या कोशभित्तीचा घटक असलेले अंतर्विष आमिश घरांच्या धुळीत हटराइट घरांच्या सुमारे सातपट होते. यापुढची पायरी मला संपूर्ण संशोधनातील सर्वांत सुंदर वाटते. ती धूळ पाण्यात कालवून तिचा अर्क काढला गेला आणि दर दोन-तीन दिवसांनी उंदरांच्या नाकात थेंब-थेंब सोडण्यात आला. त्याच काळात त्यांना अंड्यातील प्रथिनाची ॲलर्जी जडवण्याचा प्रयत्नही चालू होता. ज्यांना आमिश घरची धूळ मिळाली त्यांच्या श्वासनलिका शांत राहिल्या, आणि हटराइट धूळ मिळालेल्यांच्या चवताळल्या. मग जीवाणूंची चाहूल घेणाऱ्या उपजत यंत्रणेतील दोन महत्त्वाचे दुवे ज्यांच्यातून जनुकीय उपायांनी काढून टाकले होते अशा उंदरांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आमिश धुळीचा गुण जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे रक्षण करणारी वस्तू धुळीत होती हे खरे, पण शरीराने तिला जीवाणूंचा माग म्हणून ओळखले तरच ती उपयोगी पडत होती. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले.

ओळखल्यानंतर शरीर काय करते, याचा खुलासा त्याआधी एकच वर्ष बेल्जियममधील गेंट येथून झाला होता. बार्ट लाम्ब्रेख्ट आणि हमिदा हम्माद यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना दिवसाआड अंतर्विषाची अत्यल्प मात्रा दोन आठवडे हुंगवली गेली, आणि नंतर घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा अर्क दिला असता त्यांना ॲलर्जी झाली नाही. फुप्फुसाच्या अस्तरातील पेशींत ए-२० नावाचे एक विकर यामुळे वाढीस लागते, आणि ते विकर धोक्याच्या संदेशांना मध्येच आवर घालते, असे त्यांना आढळले; अस्तरातून तेवढे एक विकर काढून टाकले, की संरक्षणही संपले. रोज थोडी-थोडी जीवाणूंची चाहूल लागत राहिलेले अस्तर किरकोळ कारणाने हाकाटी करीत नाही.

येथे मात्रेचा विचार सोडून चालणार नाही, आणि त्यासाठी मराठी वाचकाने दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात कापूस पिंजण्याच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या कामगारांना बिसिनोसिस हा छातीचा विकार जडत असे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्याचे ठळक लक्षण. कापसाच्या धुळीसोबत श्वासावाटे जाणारे जीवाणूंचे अंतर्विष हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. हा विकार आयजीईमुळे होणारी ॲलर्जी नव्हे, परंतु जो पदार्थ गोठ्याशेजारच्या अर्भकाला अल्प मात्रेत हितकर ठरतो, तोच गिरणीतल्या प्रौढाच्या फुप्फुसांची भारी मात्रेत नासाडी करतो, हे यावरून पुरते स्पष्ट व्हावे.

आमिशांची हकिगत ऐकून, शेणाने सारवलेल्या जमिनीवर रांगलेली आपली पिढी किती शहाणी होती, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. मला त्यांना कळकळीने थांबवावेसे वाटते. त्याच शेणामातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, आणि नवजात अर्भकाच्या नाळेला शेण किंवा राख लावण्याच्या रूढीने या देशात किती घरांतील पाळणे रिकामे केले, याचा विसर पडणे हा त्या अर्भकांवर अन्याय होईल. गरोदर स्त्रियांना लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर माता व नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचा निर्वाळा २०१५ साली मिळाला, आणि तो स्वच्छतेचाच विजय आहे. न तापवलेल्या दुधाचीही गोष्ट अशीच. युरोपातील पाहण्यांत ते पिणाऱ्या शेतकरी मुलांत दमा कमी आढळला. पण त्याच दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात, म्हणून त्या संशोधकांपैकीही कोणी ते मुलांना पाजण्याची शिफारस करीत नाही.

नाक आणि फुप्फुसे यांच्यापेक्षा कितीतरी दाट वस्ती मोठ्या आतड्यात आहे, आणि तेथील कारभार अधिक गुंतागुंतीचा आहे. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात आयजीई अवाजवी वाढते, आणि त्यांच्या फुप्फुसांत दाह भडकवणाऱ्या काही पेशींची गर्दी होते. बॉस्टन येथील प्रयोगात अशा उंदरांना जन्मतःच सामान्य जीवाणूंचा सहवास दिला तेव्हा ही गर्दी झाली नाही. तोच सहवास ते प्रौढ झाल्यावर दिला, तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही. आल्प्समधील मुलांच्या पहिल्या वर्षाची जी मुदत वर आली, तिचे प्रयोगशाळेतील प्रतिरूप ते हेच. अंगी सहिष्णुता बाणण्याचा काळ थोडा असतो, आणि तो तान्हेपणीच निघून जातो.

शिकागो विद्यापीठातील कॅथरिन नॅग्लर यांनी अन्नाच्या ॲलर्जीचा विषय हाती घेतला. प्रतिजैविके देऊन ज्यांच्या आतड्यातील जीवाणू विरळ केले होते, किंवा जे मुळातच निर्जंतुक होते, अशा उंदरांना भुईमुगाची ॲलर्जी सहज जडते, हे पाहून त्यांनी जीवाणूंचे एकेक गट परत सोडून पाहिले. तेव्हा क्लोस्ट्रिडिया या गटाने रक्षण केले. याच गटात धनुर्वाताचा जंतूही मोडतो, पण आतड्यातील त्याचे बहुसंख्य आप्त सालस आहेत. त्यांच्यामुळे आतड्याच्या अस्तराला एक विशिष्ट संदेश मिळतो, श्लेष्माचा थर दाट होतो, आणि भुईमुगाचे प्रथिन आतड्यातून रक्तात कमी प्रमाणात झिरपते. पुढे २०१९ साली त्यांनी निरोगी अर्भकांची आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या अर्भकांची विष्ठा निर्जंतुक उंदरांत रुजवली. निरोगी बाळांचे जीवाणू मिळालेले उंदीर दुधातील प्रथिनाच्या परीक्षेत बचावले, आणि आजारी बाळांचे जीवाणू मिळालेल्यांना तीव्र प्रतिक्रिया आली. शिळ्या लोण्याला ज्याचा उग्र वास येतो ते ब्युटिरिक आम्ल अशा जीवाणूंपैकी अनेक जण आपण पचवू न शकलेल्या तंतूंपासून बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन, आणि नियामक टी-पेशींची निर्मिती त्याने वाढते हे २०१३ साली जपान व अमेरिका येथील स्वतंत्र प्रयोगांनी दाखवले. डाळी, भाज्या, कोंड्यासकट दळलेले धान्य यांतील जो भाग आपल्याला निरुपयोगी वाटतो, त्यावर हा सारा व्यवहार चालतो.

कातडीवर मात्र चित्र पालटते, आणि तेथे जीवाणू आरोपीच्या जागी उभा राहतो. ज्या मुलांना लहानपणापासून इसब असतो, ज्यांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाजवून खाजवून कातडी जाड व चरबरीत झालेली असते, त्यांच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू फार मोठ्या प्रमाणावर सापडतो. एके काळी त्याला केवळ संधिसाधू समजत. परंतु मिशिगन विद्यापीठात २०१३ साली असे आढळले, की त्याचे डेल्टा नावाचे विष मास्ट पेशींना थेट डिवचते आणि ते दाणे, आयजीईची वाट न पाहता, बाहेर काढायला लावते. मूल खाजवते, कातडी फाटते, फटीतून जीवाणू आणि धुळीतील प्रथिने दोन्ही आत शिरतात, आणि खाज वाढते. निरोगी कातडीवर राहणाऱ्या त्याच कुळातील काही सौम्य जाती त्याला मारक द्रव्ये सोडून आवरतात. इसब झालेल्या कातडीवर त्यांची संख्या रोडावलेली असते.

तेव्हा हवे ते जीवाणू बाळाला आणून द्यावेत, ही कल्पना साहजिकच पुढे आली. फिनलंडमधील टुर्कू येथे, ज्यांच्या घराण्यात ॲलर्जी आहे अशा गर्भवतींना प्रसूतीपूर्वी आणि नंतर त्यांच्या बाळांना सहा महिने लॅक्टोबॅसिलसची एक जात देण्यात आली. दोन वर्षांच्या वयात त्या गटातील २३ टक्के मुलांना इसब होता, तर नुसती दिखाऊ पूड मिळालेल्यांत ४६ टक्क्यांना. २००१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर मोठी आशा उत्पन्न झाली, परंतु नंतरच्या चाचण्यांत, विशेषतः जर्मनीत, तो लाभ दिसला नाही. फिनलंडच्याच काही बालवाड्यांत अलीकडे निराळी वाट चोखाळली गेली: खडी अंथरलेल्या आवारात जंगलातील मातीचे व शेवाळाचे गालिचे आणून पसरले, कुंड्या ठेवल्या, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांत खेळू दिले. अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या कातडीवरील जीवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तात नियामक टी-पेशींच्या बाजूचा बदल दिसला. ॲलर्जी कमी झाली की नाही, हे या चाचणीत पाहिलेले नव्हते.

औषधाच्या दुकानात आज जे जीवाणू पुड्यांतून आणि कुप्यांतून विकले जातात ते बहुधा दुधात वाढणाऱ्या जातींचे असतात, कारण त्यांची लागवड सोपी आणि त्यांना हवेची बाधा नाही. नॅग्लर यांच्या उंदरांना वाचवणाऱ्यांत ॲनारोस्टिपेस कॅके ही जी जात होती, ती निरोगी बाळाच्या आतड्यात प्राणवायूविना जगते आणि उघड्या हवेत टिकत नाही. तिला बाटलीत बंद करून जिवंत ठेवणे, आणि मुदतीत, म्हणजे बाळाच्या पहिल्या महिन्यांत, तिच्या ठिकाणी सुखरूप पोहोचवणे, हे काम आता प्रयोगशाळांपुढे आहे.